आखाजीचं मूळ आणि रिकामे वाफे

"हात घाला ना हो पूजाना बाप, तुमना हात लांब शे. माले त काहीच लागत नही."

भिकननं बाही वर सारली, वाफ्यात कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं आणि मूठ भरून वर काढली. उघडली तर काळंभोर खत, चहापत्तीसारखं मोकळं. त्यात वळवळणारं काहीच नाही.

"ऊन लागनं व्हई," तो म्हणाला. "आखाजीनं ऊन. मरी गयात बिचारा."

"मरतीन त वास येस. वास येस का?"

भिकननं मूठ नाकाशी नेली. "नही."

"मुंग्या लागेल शेत का?"

"नही."

"मंग कोठे गयात? पाय शेत का त्यासले?"

भिकननं मूठ परत वाफ्यात झटकली. तो बमरोलीतल्या खात्यात रातपाळी करून आलेला, डोळ्यांत झोप, कानात अजून लूमची खटखट. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि खात्यातून सुटलेल्या माणसाला सकाळी फक्त खाट दिसते. पण आज बायको माहेराहून आली होती, आणि खोलीवर न जाता पिशवीसकट थेट खाडीकाठच्या या प्लॉटवर येऊन बसली होती. म्हणून तोही परस्पर इकडं आला.

प्रमिलाबाई दुसऱ्या वाफ्याकडं गेली. मग तिसऱ्या. प्रत्येकावर गोणपाट व्यवस्थित ओलं, कडेच्या विटा जागच्या जागी, वर हिरवी जाळी ताणलेली. गाडीतून उतरून आली तेव्हा हे सगळं बघून तिच्या मनात आलं होतं, भावानं, वाल्मिकनं, वाफे सांभाळायचा शब्द पाळला. आता ती गोणपाट उचलत होती, हात घालत होती आणि पुन्हा गोणपाट टाकत होती. एखाद-दुसरं पोरवयाचं गांडूळ बोटाला लागायचं, तेवढंच. लालसर, जाड, पिल्लं घालणारे मोठे जीव सगळे गेले होते. तिचं बेणं गेलं होतं. उसाला जसं बेणं लागतं तसं गांडूळखताला गांडूळ लागतं, आणि ज्याच्याकडं बेणं त्याचा धंदा. ज्याच्याकडं नाही त्याच्याकडं नुसतं शेण.

हे बेणं तिनं ओंजळभरातून वाढवलेलं. आधी ती खोलीत बसून साड्यांचे धागे कापायची. नंतर वेसूकडच्या एका रोपवाटिकेत झाडांना पाणी घालायला जायला लागली, आणि तिथल्या माळ्यानं एकदा ओंजळभर गांडुळं कागदात गुंडाळून दिली. फुटक्या टबात शेण घालून तिनं ती सोडली. शेजारणी नाक दाबायच्या. "प्रमिलाबाई, तुमना घरमा हाई काय पाळेल शे?" प्रमिलाबाई म्हणायची, "तुमना पोरासपेक्षा बरा शेत. उलट बोलतस नही, अन् दिधं ते खातस."

गांडूळ वाढवायला काही अक्कल लागत नाही. शेण, ओल आणि सावली मिळाली की ते आपलं आपण वाढतं. अक्कल लागते ती खतातून जिवंत वेगळं काढायला. टब होता तोवर सोपं होतं. खत प्लास्टिकवर ओतायचं, त्याचे लहान लहान ढीग करायचे आणि उजेडात ठेवून चहा पिऊन यायचं. गांडुळाला उजेड सोसत नाही, ते खाली खाली घुसतं. वरचं खत खरवडून घ्यायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा खरवडायचं. शेवटी तळाशी जीवांचा गोळा उरायचा, ताटात शिजलेल्या शेवया पडाव्यात तसा.

पण टबाचे वाफे झाले आणि वाफ्यांची ओळ झाली, तेव्हा ढीग करता करता दिवस मावळायला लागला. पहिला वाफा वेचून होईस्तोवर शेवटच्या वाफ्यातलं खाणं संपायचं आणि तिथली गांडुळं कडेनं बाहेर पडून वाळून जायची.

मग बळीराम आला. बळीराम परभणीकडचा, लूमचा मिस्त्री, भिकनच्या खात्यातला. त्यानं भंगारातलं लोखंड आणून जाळीचा लांब ड्रम केला, त्याला लूमची जुनी मोटर जोडली. ड्रम फिरला की बारीक खत खाली गळायचं आणि गांडुळं घरंगळत पुढच्या तोंडातून बाहेर. पहिल्या दिवशी बटण दाबलं तर निम्मी गांडुळं तुटून आली.

"लूमच्या मोटरीला हळू चालणं ठावंच नसतंय मावशी," बळीराम डोकं खाजवत म्हणाला. "तिला कापडाची थानं काढायची सवय."

त्यानं पुली बदलली, ड्रम सावकाश केला. तरी खत ओलं असलं तर ड्रममध्ये लाडू वळायचे, कोरडं असलं तर जीव सोलून निघायचे. जीवाला मशीन मानवत नव्हतं.

जमलं ते टरबुजामुळं. उधन्याच्या रसवाल्याकडून साली आणायच्या त्यातली एक साल वाफ्यावर पालथी पडून राहिली. उचलली तर सालीच्या पोटात गांडुळांची जत्रा. प्रमिलाबाई उकिडवी बसून बघत राहिली. मग तिनं बाजारातून ओढणीच्या जाळीचं कटिंग किलोवर आणलं, टिकल्या लावलेलं, रंगीबेरंगी, आणि त्याच्या पिशव्या शिवल्या. वाफ्याला आधी काही दिवस उपाशी ठेवायचं. मग कुजलेल्या साली, उसाचा चोथा आणि गुळाचं पाणी पिशवीत भरून ती वाफ्यावर मांडायची. दोन दिवसांनी उचलावी तर पिशवी जड. जाळीतून आत शिरलेले जीव, हात न लावता, एक न दुखावता. ओळभर वाफे ती एका सकाळी मोकळे करायला लागली. ड्रम उरला फक्त खत चाळायला.

आणि एक गोष्ट ती पहिल्यापासून पाळायची. पिशव्या उचलल्यावर वाफा लगेच विकायचा नाही. पिशवीत गांडूळ येतं, अंडं येत नाही. खतात मोहरीएवढे पिवळे दाणे मागं राहतात. ओल धरली तर त्यातून पिल्लं निघतात. ती मोठी झाली की पुन्हा पिशव्या मांडायच्या, मग खत चाळायचं.

वाल्मिकला हे वेड वाटायचं. वाल्मिक तिचा धाकटा भाऊ. पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाऊसात फोल्डिंगला होता, म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालायला. काम सुटलं तेव्हा प्रमिलाबाईनं त्याला वाफ्यांवर घेतलं. बायको गावी ठेवून तो उधन्यात खोली घेऊन राहिला. तिनं त्याला सगळं शिकवलं. उपाशी किती दिवस ठेवायचं, गूळ किती, पिशवी कुठल्या वेळी उचलायची.

"रिकामा वाफाले पानी काय मारस ताई?" तो हसायचा. "गयात ते गयात. खत ईक अन् मोकळी व्हय."

"तू मार पानी. इचारू नको."

तो मारायचा. का ते विचारायचा नाही, आणि सांगितलं तरी कानावर घ्यायचा नाही.

यंदा बारडोलीकडच्या ऊसवाल्यांनी तिच्याकडं बेणं मागितलं. एकेका शेतात गांडूळखताचे खड्डे करायचे होते त्यांना. आखाजी झाली की देते, असा शब्द प्रमिलाबाईनं दिला. टबातून सुरू केलेली बाई आता गावंच्या गावं पुरवणार होती. तिनं वाफे भरगच्च केले, विकणं बंद ठेवलं.

आणि आखाजीच्या तोंडावर मूळ आलं.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि ती दिवाळीला भारी असते. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणून घसे बसवून घेतात. पण लेकीनं आपणहून जायचं नसतं. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं, तेच मूळ. मूळ आलं तर बाई चुलीवरचा तवा उतरवून निघते. नाही आलं तर शेजारणीचं मूळ बघत उंबऱ्यात बसते. आई गेल्यापासून प्रमिलाबाईला मूळ आलं नव्हतं. भाऊ सुरतेत तिच्याच वाफ्यांवर कामाला, तो मूळ धाडणार कुठून, असं ती म्हणायची आणि हसण्यावारी न्यायची.

यंदा भावजय स्वतः मूळ होऊन आली. सुषमा. असं कोणी ऐकलंही नव्हतं, भावजयीनं रेल्वेत बसून नणंदेला न्यायला यावं. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, तुमना भाऊनं सांगं, ताईले लई जाय. माय नही म्हनीसन माहेर बंद व्हस का?"

"वाफा कोन पाही?" भिकन बोलला.

"मी शे ना दाजी," वाल्मिक म्हणाला. "मी नही जात यंदा. ताईनी इतली वरीस आखाजी खाई नही, एक मी नही खाई त काय?"

भावानं आपली आखाजी सोडली, याचं प्रमिलाबाईला इतकं वाटलं की गाडीत ती सुषमाला तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. गावी सुषमानं खापरावरची पुरणपोळी केली, केसांना तेल लावलं, झोक्यावर बसवून मागून ढकललं. निघायचं म्हटलं की "अजून एक दिस ऱ्हा ना बाई" करायची. निघताना ओटी भरली, सुती साडी दिली आणि पदर डोळ्यांना लावला.

आता ती साडी पिशवीत होती, पिशवी वाफ्याच्या कडेला होती आणि वाफे रिकामे होते.

प्रमिलाबाई उठून पत्र्याच्या खोपटात गेली. जाळीच्या पिशव्या तिथं पोत्यात असायच्या. ती कोंबून ठेवायची, ओल्या-सुक्या, कशाही. आज पोतं नीट उभं होतं. आत पिशव्या धुतलेल्या, वाळवलेल्या, एकावर एक. प्रत्येकीची कडा आत दुमडलेली, टोकाला टोक, साडीच्या दुकानात फळीवर ठेवतात तशी.

"पूजाना बाप," तिनं हाक मारली, "हाई घडी पाहा."

भिकननं एक पिशवी हातात घेतली, उघडली, परत मिटली. जन्म कापडात गेलेला माणूस. त्याला कोणी सांगायला नको होतं.

"फोल्डिंगनी घडी शे," तो म्हणाला. पिशवी पोत्यावर ठेवत म्हणाला, "चोर भांडा धुईन जास, हाई नवीनच."

प्रमिलाबाईनं वाल्मिकला फोन लावला. बंद. उधन्याच्या खोलीला कुलूप. दुपारी बळीराम सहज वाटेत भेटला आणि त्यानंच विचारलं, "मावशी, बारडोलीचं शेड लई झ्याक घेतलंय की तुमच्या भावानं. मीच परवा ड्रमला जाळी बसवून आलो. तुमचंच हाय ना ते?"

"हो," प्रमिलाबाई म्हणाली. "मनंच शे."

दुसऱ्या दिवशी ती बारडोलीच्या बसमध्ये बसली. भिकन म्हणत होता चौकीला जाऊ. ती म्हणाली, "काय सांगशा? भाऊनी किडा चोरात म्हनीसन? फौजदार हासी हासी मरी." म्हणून एकटीच गेली.

उसाच्या फडांमागं शेड सापडलं. नव्या विटांचे वाफे, एकाला एक लागून. भरायला साखर कारखान्याची मळी, काळी, वाफाळती. दाराशी चुलीवर सुषमा काहीतरी ढवळत होती. गावच्या स्टेशनावर जी डोळे पुसत उभी होती, तीच, मागच्याच गाडीनं आलेली. प्रमिलाबाईला बघून तिच्या हातातला डाव थांबला.

"चहा ठेवू का बाई?" ती म्हणाली. दुसरं काही सुचलं नसावं.

वाल्मिक आतून आला. "ताई. बस ना. मी येनारच व्हतू तुनाकडे."

"कव्हय? पुढली आखाजीले?"

तो एकदम बोलायला लागला, पाठ केल्यासारखा. "दोन वरीस मी तुना वाफासले पानी मारं. माले बी काही करानं व्हतं का नही? मी मांगतू त तू देती का?"

"देती. पाटीभर देती. पाटीभरना चार वाफा व्हतस. थांबनं पडस, बस."

"थांबाले येळ कोठे शे? ऊसवाला आतेच मांगतस."

"त्यासले शब्द मी देयेल व्हता."

"त्यासले बेनं पाहिजे ताई. शब्द कोन देयेल शे ते कोन इचारस?"

बेण्याचं बोलणं प्रमिलाबाईच्या दृष्टीनं तिथंच संपलं. विचारायला आली होती ते वेगळंच होतं.

"एकच सांग. मूळ धाडं, ते बहिनले धाडं का वाफासले?"

वाल्मिकनं सुषमाकडं बघितलं. सुषमानं चुलीत बघितलं. झोका ढकलणारे हात तेच, तेल लावणारे तेच, आणि "अजून एक दिस ऱ्हा" म्हणताना सुरतेत पिशव्या भरत होत्या हे त्या हातांना ठाऊक होतं. यातलं किती खरं होतं, हे आता सुषमानं सांगितलं असतं तरी प्रमिलाबाईला खरं वाटलं नसतं.

ती जायला वळली. वळताना सवयीनं तिनं जवळच्या वाफ्यात हात घातला. वर गार होतं. वीतभर खाली हात टिकेना, तापलेल्या पोराच्या कपाळासारखं. गांडुळं कडांना गोळा झाली होती, विटांच्या फटीत शिरत होती.

तिनं क्षणभर विचार केला. बोलली नसती तरी तिला कोणी नावं ठेवली नसती.

"मळी ताजी शे," ती म्हणाली. "आतून तपी ऱ्हायनी. आजना आज उपस त्यासले, सावलीमा शेणवर पसर. नही त काही ऱ्हात नही."

वाल्मिक तिच्या तोंडाकडं बघत राहिला आणि हसला. "माले घाबराडू नको ताई. मी उपससू, अन् तू टेम्पो लई येशी."

त्याला कामावर घेतल्यापासून तिचा शब्द त्यानं खाली पडू दिला नव्हता. आज त्याला त्यात डाव दिसला. प्रमिलाबाईनं हात लुगड्याला पुसला आणि ती बसच्या रस्त्याला लागली. चहा चुलीवर उकळत राहिला.

घरी आल्यावर तिनं ऊसवाल्यांना फोन करून सांगितलं, यंदा माझ्याकडं बेणं नाही. का नाही, ते सांगितलं नाही. पलीकडचा माणूस गुजरातीत म्हणाला, "बेन, अमे तो तमारा भरोसे बेठा हता." ती हो म्हणाली आणि फोन ठेवला.

भिकनचं म्हणणं, आहे ते खत विकून टाकू, प्लॉट सोडू. ती त्याच्याशी वाद न घालता वाफ्यावर गेली. पहिल्याच वाफ्यातलं खत तळहातावर घेतलं, उन्हाकडं धरलं आणि बोटानं सारत गेली. पिवळा दाणा. अजून एक. कुठं दोन जवळजवळ.

सगळे वाफे दाण्यांनी भरलेले होते. वाल्मिकनं जीव नेले होते, अंडी त्याला दिसली नव्हती. आणि ती परत येईपर्यंत वाफे भरलेले दिसावेत म्हणून त्यानं रोज पाणी मारलं होतं, गोणपाट ओलं ठेवलं होतं. इतक्या उन्हात एक दिवस जरी त्यानं आळस केला असता तर दाणे वाळून गेले असते. ती दोन वर्षं सांगत होती, रिकाम्या वाफ्याला पाणी मार. या खेपेला त्यानं ते न सांगताच मारलं.

तिला हसू आलं नाही. तिनं पाइप लावला.

गोणपाट पुढं कमी पडायला लागलं तेव्हा तिनं आखाजीची साडी फाडली आणि वाफ्यावर अंथरली. जेठ निम्मा सरला तसे वाफ्यांत पांढरे धागे हलायला लागले, सुईत ओवावेत एवढे. ती त्यांना शेण चाळून, कालवून घालायची.

अशाच एका सकाळी सुषमा आली. डोक्यावर रिकामी पाटी. पाटी उतरवली आणि वाफ्याच्या कडेला उभी राहिली.

"बठ्ठा मरी गयात बाई."

"सांगेल व्हतं."

"ते म्हनेत, ताई डाव करस."

प्रमिलाबाई गोणपाट झटकत राहिली.

"तुमीच म्हनेल व्हता," सुषमा हळू बोलली, "मांगतू त पाटीभर देती. मांगाले वनी शे."

प्रमिलाबाईनं एका वाफ्यावरचं ओलं कापड वर केलं. "हाई पाहा. दोरासारखा शेत. आते उचलात त मरतीन. दिवाळीले ये. पाटीभर देसू."

सुषमा वाकून बघत होती, पण बघत होती ते वाफ्यात नाही. कापडाची किनार तिनं ओळखली होती.

"साडी चांगली शे," प्रमिलाबाई म्हणाली. "पानी धरस."

सुषमानं पाटी उचलली. जाता जाता थांबली, पदर डोळ्यांकडं गेला, अर्ध्यावरच राहिला. "पुढला साल बी मी सोता येसू बाई, आखाजीले न्याले."

"दिवाळीले बेनं लई जाय. मूळ धाडू नको."

"असं काय म्हनतस बाई. माहेर शे तुमनं."

प्रमिलाबाईनं कापड वाफ्यावर पसरलं, कडा विटांखाली खोचल्या आणि पाइपचं तोंड अंगठ्यानं अर्धं दाबलं, म्हणजे पाणी जोरात न पडता शिंपडल्यासारखं पडतं.

"पाय काढ जरा," ती म्हणाली. "आठे पानी मारानं शे."